मामा म्हणजे आई

गेल्या सप्टेंबरात माझी भाची रशियातल्या कझानला पोचली. वसतिगृहातून तिने पहिला व्हिडिओ कॉल केला तो मला. "मामा, मामा, ऐकू येतंय का?" असं ती ओरडत होती आणि तिच्या मागून शेजारच्या खोलीतल्या दोन रशियन मुली वाकून फोनमध्ये बघत होत्या. पडद्यावर मी आलो. मिशा, चष्मा, गळ्यात टॉवेल. दोघी एकमेकींकडे बघून जे हसत सुटल्या ते थांबेचनात. कारण रशियनमध्ये 'मामा' म्हणजे आई.

आणि 'बाबा' म्हणजे म्हातारी. हे भावजींना आम्ही अजून सांगितलेलं नाही.

मंडळी, या वेळचं लिखाण खास बारावी झालेल्या आणि होऊ घातलेल्या मुलामुलींसाठी. मेडिकलला रशियाला निघालेलं एखादं तरी मूल आता आपल्या ओळखीत असतंच. त्यांना सल्ला देणारे पुष्कळ असतात: गरम कपडे कुठले घ्यावेत, प्रेशर कुकर न्यावा का, मसाले किती किलो. भाषेबद्दल मात्र एकच वाक्य ऐकू येतं, तेही एजंटच्या तोंडून. आमच्याही एजंटने तेच ऐकवलं होतं. "सगळं इंग्लिश मीडियम आहे हो, रशियन तिकडे गेल्यावर आपोआप येतं."

आपोआप काही येत नाही. पहिली दोन-तीन वर्षं पुस्तकी विषय इंग्रजीतून चालतात हे खरं. पण पुढे वॉर्डात जायचं असतं आणि तिथे खाटेवर पडलेली आजी रशियनच बोलते. तिचं कुठे दुखतंय हे कळलं नाही तर डॉक्टरकी शिकणार कशी? शिवाय पहिल्या दिवसापासून भाजीवाली, बसचा ड्रायव्हर, वसतिगृहाच्या दारावर बसलेल्या बाई, सगळ्यांशी गाठ रशियनमध्येच पडते.

मी काही भाषेचा पंडित नाही. बडोद्याजवळच्या एका औषध कंपनीत कागदपत्रांचं काम करतो. सहा वर्षांपूर्वी मॉस्कोच्या ग्राहकाचं काम माझ्याकडे आलं आणि तीन आठवडे तिकडे राहायची पाळी आली, म्हणून शिकायला लागलो. माझी रशियन आजही कामचलाऊच आहे. पण पहिल्या पायऱ्यांवर मी इतक्या वेळा घसरलोय की त्या पायऱ्या मला चांगल्या ठाऊक आहेत.

भाचीचं जायचं ठरलं तेव्हा हातात नऊ आठवडे होते. रोज संध्याकाळी ती आमच्याकडे यायची आणि जेवणाच्या टेबलावर आम्ही चाळीस मिनिटं बसायचो. आई, म्हणजे तिची आजी, समोर भाजी निवडत असायची.

सुरुवात लिपीपासून. रशियन अक्षरं तेहतीस. त्यांना लोक फार घाबरतात, पण खरी अडचण अनोळखी अक्षरांची नाहीच. ती आठवडाभरात पाठ होतात. घोटाळा करतात ती ओळखीची वाटणारी. इंग्रजी बीसारखं मोठं अक्षर दिसतं, तो 'व' असतो. एचसारखा दिसतो तो 'न'. पी म्हणजे 'र', सी म्हणजे 'स', वाय म्हणजे 'ऊ', आणि एक्स म्हणजे घशातून खरवडून काढलेला 'ख'. त्यामुळे दारावरची 'रेस्तरान' ही पाटी इंग्रजी डोळ्यांना 'पेक्टोपाह' अशी दिसते. मॉस्कोत पहिल्या दिवशी मी सहकाऱ्याला विचारलंही होतं, इथे पेक्टोपाह नावाची हॉटेलांची साखळी आहे का म्हणून.

उच्चारांत मात्र आपण नशीबवान आहोत. रशियन 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे असतात. इंग्रजांना 'च' आणि 'त्स' अशी दोन वेगळी अक्षरं शिकताना त्रास होतो. आपण 'चार' म्हणतो तो एक च आणि 'चाक' म्हणतो तो दुसरा. रशियनमध्ये त्या दोघांना दोन अक्षरं आहेत, एवढाच फरक. भाचीला मी म्हटलं, "चार चाकं म्हण." तिने म्हटलं. "झालं, दोन अक्षरं आली तुला."

पण तिसऱ्या आठवड्यात सगळं अडलं.

ती एका इंग्रजी ॲपवरून शिकत होती आणि सोबतीला इंग्रजीतून लिहिलेलं एक जाडजूड व्याकरण होतं. नामाची सहा-सहा रूपं, त्यांची जेनिटिव्ह, डेटिव्ह, इन्स्ट्रुमेंटल अशी नावं, आणि प्रत्येकाचा लांबच लांब तक्ता. मुलगी हुशार, बायोलॉजीची अख्खी पुस्तकं पाठ केलेली. तिने तो तक्ताही पाठ करायला घेतला. तीन दिवस केला, चौथ्या दिवशी वही मिटली आणि रडायला लागली. "मला नाही जमणार मामा. भरलेली फी परत मिळते का, विचार ना बाबांना."

मी गप्पच झालो. भावजींनी त्या फीसाठी कर्ज काढलं होतं. ताईने निम्म्या बडोद्याला पेढे वाटले होते. आणि पोरगी मनापासून बोलत होती.

आई वाल सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "काय एवढं आहे त्या पुस्तकात?"

मी म्हटलं, "काही नाही गं, इन्स्ट्रुमेंटल केस. म्हणजे आपली तृतीया."

"मग तृतीया म्हणा की. ने, ए, शी." आणि आईने सुरूच केलं. प्रथमेला प्रत्यय नाही, द्वितीया स, ला, ते, तृतीया ने, ए, शी, चतुर्थी पुन्हा स, ला, ते, पंचमी ऊन, हून, षष्ठी चा, ची, चे, सप्तमी त, ई, आ. साठ वर्षांपूर्वी शाळेत घोकलेलं एका दमात म्हणून झालं, आणि त्यात चार वालही सोलून झाले.

भाची डोळे पुसत बघत राहिली. "आजी काय म्हणतेय?"

आता यात तिची काय चूक? शाळा इंग्रजी माध्यमाची, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी, मराठी फक्त घरात. ती मराठी बोलते, छान बोलते, पण मराठीला विभक्त्या असतात हे तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं. दिवसभरात हजार वेळा षष्ठी वापरणारी मुलगी 'जेनिटिव्ह' या शब्दाला घाबरून रडत होती.

मी ते जाड पुस्तक कपाटात टाकलं आणि साखरेचा डबा टेबलावर ठेवला.

साखरेला रशियनमध्ये काय म्हणतात? 'साखर'. थट्टा नाही. पहिल्या अक्षरावर जोर, ख थोडा घशातला, बाकी अगदी आपलाच शब्द. संस्कृतातली शर्करा, पालीतली सक्खरा ग्रीसमार्गे फिरत फिरत तिकडे पोचली आणि इकडे आपल्या डब्यात आली. हिंदीवाले चीनी म्हणतात, आपले गुजराती शेजारी खांड म्हणतात, आणि व्होल्गेच्या काठचा माणूस साखर म्हणतो. चहाला तो 'चाय' म्हणतो.

मग विचारलं, "साखर घातलेला चहा कसा म्हणशील?" तिकडे म्हणतात 'चाय स साखरम'. साखरेसह चहा. शेवटी 'अम' लागला, ही तृतीया. आमच्या आईला मधुमेह, तिचा चहा बिनसाखरेचा. रशियनमध्ये 'चाय बेस साखरा'. आपण 'साखरेचा' म्हणतो तिथे ते शेवटी 'आ' लावतात, ही षष्ठी. घरात साखर संपली तर 'न्येत साखरा', पुन्हा षष्ठी. इथे भाचीने बरोबर अडवलं. "मामा, 'साखर नाही' यात चा-ची-चे कुठे आहे?" मी म्हटलं, "'साखरेचा अभाव' असं म्हणून बघ." साखरेत मुंगी सापडली तर शेवटी 'ए', ती सप्तमी. आणि हे सगळं करताना आपण साखरचं 'साखरे' करतोच ना? साखरने, साखरला असं कोणी म्हणतं का? शब्दाला प्रत्यय लागायच्या आधी तो वाकतो, हे आपल्या जिभेला तिसऱ्या वर्षापासून ठाऊक आहे. रशियनमध्ये विभक्त्या सहा. पंचमीचं काम बहुतेक वेळा षष्ठीच उरकते.

आईने लगेच 'बेस साखरा' उचललं. तेव्हापासून आमच्याकडे पाहुण्यांदेखत ती "मला बेस साखरा हं" असं सांगते आणि पाहुण्यांना वाटतं की काहीतरी काठेवाडी असावं.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा शिकवणारी संस्था आहे. तिचा हिशेब असा, की इंग्रजी बोलणाऱ्याला रशियन यायला वर्गातले सुमारे ११०० तास लागतात, स्पॅनिशच्या जवळजवळ दीडपट. पण त्याच यादीत रशियनच्याच गटात, तेवढेच तास लावून, हिंदीही बसलेली आहे. म्हणजे इंग्रजाला जी नदी पोहून जावी लागते, तिच्या पलीकडच्या काठावर आपण जन्मलेलो आहोत. आणि तरी आपली मुलं आधी पोहत इंग्रजीच्या काठावर जातात आणि तिथून पुन्हा रशियनकडे पोहायला लागतात. मी स्वतः पहिलं वर्ष नेमकं तेच केलं, म्हणून चिडून लिहितोय.

उदाहरण घ्या. इंग्रजीत 'आय लाइक टी'. मी कर्ता, चहा कर्म. रशियनमध्ये 'म्न्ये न्रावित्सा चाय'. 'म्न्ये' म्हणजे मला. मला आवडतो चहा. चहाच कर्ता, माणूस चतुर्थीत. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं यावर दोन पानं खर्च करतात, आपल्याला एक ओळसुद्धा लागत नाही. 'म्न्ये खोलद्ना', मला थंडी वाजते. 'माझ्याकडे आहे' यासाठी इंग्रजीत 'हॅव' हे क्रियापद लागतं, ते मराठीत नाही आणि रोजच्या रशियनमध्येही लागत नाही. 'ऊ मिन्या येस्त्य', माझ्याजवळ आहे. 'ऊ मिन्या बलीत गलावा', माझं डोकं दुखतंय. भाचीला हे वाक्य मी पोट, घसा असं बदलून बदलून वीस वेळा म्हणायला लावलं. होणाऱ्या डॉक्टरला दुखण्याचं वाक्य आधी आलं पाहिजे, 'मुलगा सफरचंद खातो' मागाहून आलं तरी चालेल. तिच्या ॲपवर महिनाभर तो मुलगा सफरचंदच खात होता.

लिंगं तीन, आपल्यासारखीच. हिंदीला नपुंसकलिंग नाही, मराठीला आहे, गुजरातीलाही आहे, म्हणजे बडोद्याचं मूल दोन्हीकडून तयार. वर रशियनमध्ये शब्दाच्या शेवटावरूनच बहुतेक वेळा लिंग कळतं. व्यंजन असेल तर पुल्लिंगी, 'आ' असेल तर स्त्रीलिंगी, 'ओ' असेल तर नपुंसकलिंगी. आपल्या 'तो टेबल की ते टेबल'सारखे वाद तिकडे फारसे नाहीत. साखर मात्र तिकडे पुरुष आहे.

'मी आलो' आणि 'मी आले' यात बोलणारा पुरुष की बाई ते कळतं. रशियन भूतकाळातही कळतं. पुरुष म्हणतो 'या प्रिशोल', बाई म्हणते 'या प्रिश्ला'. शेवटी चक्क आपल्यासारखाच ल. दोन्ही ल-कारांचं मूळ वेगवेगळं आहे, योगायोगच तो, पण लक्षात ठेवायला बरा. फक्त एक फसगत आहे. 'प्रिश्ला' म्हणजे ती आली आणि 'प्रिश्ली' म्हणजे ते सगळे आले. भाची म्हणाली, "म्हणजे 'ला' ऐकलं की बाई समजायची आणि 'ली' ऐकलं की घोळका?" हो, तसंच.

तू आणि तुम्ही यांतला फरक शिकवावाच लागला नाही. वडीलधाऱ्यांना, अनोळखी माणसाला, प्राध्यापकांना तुम्ही, मैत्रिणीला तू. नावाच्या बाबतीतही घरचाच कारभार: स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. प्योत्रचा मुलगा इवान पेत्रोविच, मुलगी आन्ना पेत्रोव्ना. मान द्यायचा तर आडनाव घेत नाहीत, नाव आणि वडिलांचं नाव मिळून हाक मारतात. लग्न झाल्यावर आन्नाचं आडनाव बदलेल कदाचित, पण 'पेत्रोव्ना' जन्मभर तेच राहतं. यावर ताई म्हणाली, "बघा, आणि मला बँकेत अजून दोन नावांचे कागद दाखवावे लागतात."

आईची खरी करमणूक झाली ती नात्यांच्या शब्दांनी. भाऊ 'ब्रात', हे सोपं. पण सुनेला एक शब्द आहे 'स्नाखा'. संस्कृतातली स्नुषा, आपली सून, एकाच घराण्यातल्या. दिराला 'द्येविर'. सासऱ्याला, म्हणजे नवऱ्याच्या वडिलांना, 'स्व्योकर', तो आपला श्वशुर. विधवेला 'व्दावा'. आई म्हणाली, "सासरची माणसं बरोब्बर टिकली हो!" तिला हे सांगितलं नाही की आजकाल रशियातली तरुण मंडळीसुद्धा यातल्या निम्म्या शब्दांत गोंधळतात.

आता मराठी जिथे कामाला येत नाही तेही सांगतो, नाहीतर मला शिव्या पडतील.

पहिली गोष्ट म्हणजे जोर. प्रत्येक रशियन शब्दात एकाच जागी जोर असतो, कुठे ते छापलेलं नसतं, आणि जोर नसलेला 'ओ' ऐकायला 'अ' किंवा 'आ' येतो. दुधाच्या शब्दात लिहिताना तीन 'ओ' आहेत, म्हणताना 'मलाको', शेवटच्यावर जोर. म्हणून रशियन शब्द देवनागरीत लिहून पाठ करायची सवय फार दिवस ठेवू नका. पहिला आठवडा ठीक आहे. या लेखात मी देवनागरीतच लिहितोय, पण तुम्ही आठव्या दिवशी सोडा, नाहीतर कान तयार होत नाहीत. शब्दकोशात जोराची खूण असते, ती वहीत उतरवून घ्यायचीच.

मी मॉस्कोत पोळ्या करायच्या म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात पीठ मागायला गेलो होतो. पिठाला 'मुका', जोर शेवटी. मी जोर दिला आधी, 'मूका'. त्याचा अर्थ होतो यातना. "मला यातना पाहिजेत," असं मी काउंटरवरच्या बाईंना अतिशय नम्रपणे सांगितलं. त्या माझ्याकडे क्षणभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या सगळ्यांकडे आहेत. पीठ तिकडच्या फळीवर." (आपल्याकडे मुका म्हणजे तिसरंच काहीतरी. ते मी तिथे बोललो नाही.)

दुसरी गोष्ट मऊ व्यंजनांची. शेवटचा 'त' कडक म्हटला तर 'ब्रात' म्हणजे भाऊ, जीभ टाळूला चिकटवून मऊ म्हटला तर 'ब्रात्य' म्हणजे घेणे. आपल्या कानाला सुरुवातीला दोन्ही एकच वाटतात. यावर उपाय एकच, ऐकणं. रोज दहा मिनिटं ऐकायचं आणि स्वतःचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून शेजारी ठेवून बघायचं. स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटते. वाटू द्या.

तिसरी गोष्ट 'जाणे'. आपण एकाच शब्दात रावपुऱ्यात जातो आणि अमेरिकेलाही जातो. रशियनमध्ये पायी जाण्याचं क्रियापद वेगळं, वाहनाने जाण्याचं वेगळं. भाचीने वहीत लिहिलं, 'मी कझानला जाते', आणि वापरलं पायी जाण्याचं. मी आईला अर्थ सांगितल्यावर ती म्हणाली, "जा हो जा, परिक्रमाच होईल."

क्रियापदांच्या जोड्यांना मात्र सगळे उगाच घाबरतात. तिथे पुन्हा मराठी मदतीला येते. 'वाचत होते' आणि 'वाचून काढलं' यात फरक आहे ना? 'चिताला' म्हणजे वाचत होते, 'प्रचिताला' म्हणजे वाचून काढलं. पेशंटला 'औषध घेत होतात का' आणि 'औषध घेतलंत का' हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि रशियनमध्ये त्यांना दोन निराळी क्रियापदं लागतात. भाचीला मी सांगितलं, तू चुकशील, पण का चुकलीस ते तुला मराठीत कळेल.

किती शब्द लागतात, असं बरेच जण विचारतात. परदेशी लोकांसाठी रशियनची जी अधिकृत परीक्षा असते तिच्या अगदी पहिल्या पातळीला ७८० शब्द धरलेले आहेत, दुसरीला १३००, तिसरीला २३००. नऊ आठवड्यांत आमचे साडेचारशेच्या आसपास झाले. रोज दहा नवे म्हणत सुरुवात केली होती, पण नंतर पाहुणे, खरेदी, व्हिसाचे हेलपाटे. ज्यांच्या हाती वर्ष आहे त्यांनी आपल्या विद्यापीठातल्या रशियन विभागात चौकशी करावी. मुंबईला जाणं-येणं असेल तर पेडर रोडवर रशियन हाउस आहे. माणसासमोर बसून शिकण्यासारखं दुसरं काही नाही. ॲप शब्द पाठ करायला बरं.

आणि माझी चूक. मी तिला छापील अक्षरं शिकवली, हाताने लिहायची शिकवली नाहीत. मला वाटलं, आजकाल कोण हाताने लिहितं. रशियन हस्ताक्षर म्हणजे वेगळीच लिपी आहे. छापील 'त' हाताने लिहिला की इंग्रजी एमसारखा दिसतो, 'द' जीसारखा, 'इ' यूसारखा. काही शब्द तर नुसत्या लाटा. कझानला तिसऱ्याच दिवशी वसतिगृहाच्या दारावर हाताने लिहिलेली सूचना लागली: उद्या सकाळी वैद्यकीय तपासणी, रक्त द्यायचंय, उपाशीपोटी या. सगळ्यांनी वाचली. हिने फक्त आठ हा आकडा वाचला, आणि सकाळी मेथीचे ठेपले खाऊन आठाच्या ठोक्याला हजर झाली. परत पाठवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग. त्या रात्री मला फोन. "मामा, इथे फळ्यावरपण सगळे हातानेच लिहितात. तू मला अर्धीच लिपी देऊन पाठवलंस." मी काय बोलणार? तुम्ही असं करू नका. पहिल्या दिवसापासून लहान मुलांची अक्षरं गिरवायची वही घ्या आणि हाताने लिहा.

नोव्हेंबरात एके रात्री ताईचा फोन आला. आवाज कापत होता. पोरीला दोन दिवस ताप, खोलीतली जोडीदारीण गावाला गेलेली, फोन लागत नाही. मी लावला, मलाही लागेना. ताई म्हणत होती, कुणाशी बोलेल ती, काय सांगेल? रात्री साडेअकराला भाचीचाच फोन आला. आवाज बसलेला, पण स्वरात फुशारकी.

दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंना इंग्रजी अजिबात येत नव्हतं. हिने सांगितलं, ऊ मिन्या बलीत गोर्ला. माझा घसा दुखतो. ऊ मिन्या तिम्पिरातूरा. मला ताप आहे. बाईंनी चिठ्ठी दिली. आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून? हिने बोटांवर मोजून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "काशिल येस्त्य?"

"मामा, हा शब्द तू शिकवलाच नव्हतास."

"खरंच नव्हता. मग?"

"मला आजीच्या औषधाची बाटली आठवली. त्यावर लिहिलेलं असतं ना, कास, श्वास. लहानपणी मी विचारलं होतं कास म्हणजे काय, तर ती म्हणाली होती खोकला. मी तिथे खोकून दाखवलं आणि विचारलं, हाच का? त्या हसल्या, हो म्हणाल्या. औषधं लिहून दिली. हाताने लिहिली, पण मी वाचली. एक नाव नाही लागलं, ते औषधवाल्यांना लागलं."

"खाल्लंस का काही?"

"दारावरच्या बाईंनी चहा आणून दिला, रास्पबेरीचा मुरंबा घालून. इथे सर्दीला तोच देतात. चाय स मालिनय."

फोन स्पीकरवर होता. आई अंथरुणात उठून बसली होती. तिकडूनच म्हणाली, "विचार तिला, तृतीया ना?"